मिस्टर बेडोंची लिफ्ट

पेंट्रेवेन, १४ सप्टेंबर

प्रिय मेरेरिड,

तुझं वाढदिवसाचं कार्ड पोचलं. आईच्या अंत्यविधीनंतर तीन वर्षांनी पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं. आत फक्त 'दोघं कसे आहात?' आणि खाली एक 'म'. ऑस्ट्रेलियात शाई महाग झाली आहे का? इद्वाल म्हणाला, फोन कर तिला. मी म्हटलं, फोनवर आम्ही भांडतो. पत्रात निदान एका वेळी एकीलाच बोलता येतं.

तर, नवरा-बायको दोघंही बरे आहोत. इद्वाल अजून रग्बी क्लबच्या मैदानाची निगा राखतो आणि कुणी गवतावर बूट घासला तर त्याच्या सात पिढ्या काढतो. माझा नसांचा आजार आहे तिथेच आहे. डॉक्टर 'मल्टिपल स्क्लेरोसिस' म्हणताना अजूनही आवाज खाली आणतात, आजाराला ऐकू जाईल अशा बेताने.

माझा पलंग आता खालच्या पुढच्या खोलीत हलवला आहे. खिडकीतून सगळी गल्ली दिसते. कोण कुणाकडे गेलं आणि किती वेळाने बाहेर आलं, मला सगळं ठाऊक असतं. इद्वाल वरच झोपतो. घोरतो ना.

संस्थेने परसदारी उतारही बांधून दिला. पुढेमागे लागला तर असावा म्हणून. इथली कौन्सिलची सगळी भाड्याची घरं आता एका संस्थेकडे गेली आहेत, तिला आम्ही नुसतंच 'संस्था' म्हणतो. तर उतार सुरेख झाला, काँक्रीटचा, बाजूला कठडा. फक्त परसदाराचा दरवाजा अरुंद. उतारवाले म्हणाले, दरवाजा आमच्याकडे येत नाही. दरवाजेवाले म्हणाले, उताराचं आम्हाला कुणी बोललंच नाही. सध्या त्या उतारावर शेजारच्या ग्लेनिसचं मांजर ऊन खातं.

तुझं काय चाललंय ते लिही. नुसतं 'म' चालणार नाही.

तेग्वेन


१० ऑक्टोबर

प्रिय मेरेरिड,

चार पानं! आणि त्यातलं तुझ्या संधिवाताचं, नातवाचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं सगळं वाचून झाल्यावर शेवटच्या ओळीत तो प्रश्न. 'तुला जिना चढता येईनासा कधी झाला?'

तुला लहानपणापासून थाप चालत नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून. तेव्हापासून मी स्वतःच्या घराचा वरचा मजला पाहिलेला नाही. मी आता विजेच्या खुर्चीत असते. चांगली आहे, दवाखान्याकडून मिळाली, वळणं छान घेते. पंधरा वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला हे कळतं. पण खुर्ची जिना चढत नाही, आणि न्हाणीघर आणि संडास वर आहेत. म्हणून पुढच्या खोलीत पडद्यामागे कमोडची खुर्ची आहे, आणि अंघोळ म्हणजे स्वयंपाकघरातली परात, कोमट पाणी आणि इद्वाल. दारावर कुणी आलं की तो आधी परात लपवतो. मग मला आवाज देतो, 'तयार?'

गेल्या वर्षी माझ्या वाढदिवशी तो हट्टाला पेटला. आज तुला टबात बसवणारच, म्हणाला. मला पाठुंगळी घेतलं आणि निघाला. अर्ध्या जिन्यात त्याचा पाय अडखळला आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो, मी त्याच्या मांडीवर. आधी हसू आवरेना. मग तो हसायचा थांबला. पाठ धरली होती. ना वर जाता येई, ना खाली. ग्लेनिसच्या नवऱ्याने येऊन मला उतरवलं, आणि इद्वाल पंधरा दिवस जमिनीवर झोपला.

त्यानंतर शोनेड आली. घरात काय बदल हवेत ते पाहायला दवाखान्याकडून येणारी थेरपिस्ट. नीट मुलगी आहे, माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघते, इद्वालकडे नाही. तिने लिहून दिलं: पुढच्या खोलीतून थेट झोपायच्या खोलीत जाणारी छोटी लिफ्ट, आणि वर टब काढून सपाट जमिनीचा शॉवर. मी विचारलं, 'कधी?' ती म्हणाली, 'माझं काम लिहून देण्यापर्यंतच, मिसेस प्रोबर्ट. पुढचं संस्थेकडे.' हे सांगताना तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

संस्थेत फोन केला की दर वेळी नवा आवाज. दर वेळी मी जन्मापासून सगळी कहाणी सांगते.

अशी लिफ्ट कशी असते ते बघायला मी मिस्टर बेडोंकडे गेले होते. एमलिन बेडो, पोलाद कारखान्यातले, दोन गल्ल्या सोडून राहतात. छातीच्या आजाराने ते जेरीला आले होते. त्यांची लिफ्ट बरीच वर्षं रखडली आणि या उन्हाळ्यात एकदाची आली. त्यांनी मला समोर बसवलं, आत जाऊन बसले, बटण दाबलं आणि छताकडे जाता जाता टोपी काढून हात हलवला. राजाच जणू. वरून ओरडले, 'बाई, इथून पुढे मी कुणाला जिन्यात धापा टाकताना दिसणार नाही!'

तू इद्वालबद्दल विचारलं नाहीस. बरं केलंस. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी तू स्वयंपाकघरात त्याला काय म्हणालीस ते मी पुढच्या खोलीतून ऐकलं होतं. 'तिला कुठेतरी ठेव, इद्वाल. नाहीतर तिच्या आधी तूच जाशील.' तीन वर्षं मी ते वाक्य उशाला घेऊन झोपते आहे. आता सांगून टाकलं.

तेग्वेन


६ नोव्हेंबर

प्रिय मेरेरिड,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. पण इथे एक घडलंय आणि ते मला कुणाला तरी सांगायचंय. ग्लेनिसला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात होईल.

संस्थेचा माणूस आला, मिस्टर प्रॉसर. उंच, थकलेला, बूट दाराशी काढणारा. म्हणाला, तुमच्या घराच्या तुळया जुन्या आहेत, लिफ्टसाठी मजबूत कराव्या लागतील, त्याला कधी मुहूर्त लागेल सांगवत नाही. पण खोऱ्याच्या वरच्या टोकाला एक बैठं घर रिकामं झालंय. सगळं तयार. रुंद दारं, सपाट शॉवर, ओटा कमी उंचीचा. जाऊन तर बघा.

गेलो. मेरेरिड, मी तुला खोटं सांगणार नाही, त्या न्हाणीघराच्या दारात माझा जीव अडकला. मी खुर्चीसकट आत गेले आणि गोल फिरले. नळ माझ्या हाताला लागत होता. मी तो उगाच सोडला आणि बंद केला, दोनदा.

पण बाहेर काहीच नाही. दुकान नाही, बसही नाही, खिडकीतून डोंगर आणि मेंढ्या. इथे मी दुकानापर्यंत जाते तर चार जण हाक मारतात. त्यातले निम्मे माझ्या बसमध्ये ओकलेले आहेत. तिथे मला हाक मारायला मेंढी.

परत येताना गाडीत मी म्हटलं, 'छान आहे, पण आपल्याला नको.'

इद्वाल रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'मी गेलो असतो.'

'काय?'

'तू विचारलं नाहीस म्हणून सांगतोय. मी गेलो असतो तिथे.'

बस, एवढंच. तुला माहीत आहे तो कसा आहे. बाकीचं तो गवताशी बोलतो. घरी येऊन त्याने परात काढली, पाणी तापवलं, मला म्हणाला, 'तयार?' आणि त्या एका शब्दात मला त्याचा थकवा असा ऐकू आला, जसा इतक्या दिवसांत ऐकू आला नव्हता. किंवा मी ऐकला नव्हता.

मी अजून काही ठरवलेलं नाही.

तेग्वेन


३० नोव्हेंबर

प्रिय मेरेरिड,

तुझं पत्र आलं. 'ते घर घे, इद्वालसाठी घे, एकदा तरी दुसऱ्याचं बघ.' वाचून मी ते फाडणार होते. फाडलं नाही, कारण तोवर मी तेच करून चुकले होते.

हो. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी मी संस्थेत फोन केला आणि म्हटलं, आम्ही ते बैठं घर घेतो. इद्वालला न सांगता. त्याला चहाबरोबर सांगायचं, असा बेत होता.

फोनवरची मुलगी म्हणाली, 'ते तर गेलं.'

'कुणाला?'

'एका जोडप्याला. मागच्या आठवड्यात.'

'त्यांच्यात खुर्चीवर कोण आहे?'

तिने बराच वेळ शोधलं. 'तसं काही दिसत नाही इथे. आमच्याकडे ते घर नुसतं एका खोलीचं म्हणूनच लिहिलंय.'

तो कमी उंचीचा ओटा, तो हाताला लागणारा नळ. आणि आत दोन धडधाकट माणसं वाकून वाकून भांडी घासत असतील. मी फोन ठेवला. इद्वालला सांगितलं. तो म्हणाला, 'तू हो म्हणालीस?' मी म्हटलं, 'म्हणाले.' त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मिस्टर बेडो गेले. झोपेत, वरच्या मजल्यावर, स्वतःच्या पलंगात. त्यांच्या मनासारखं. अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो. त्यांच्या मुलीने सांगितलं, लिफ्ट आल्यापासून बाबा दिवसातून दहादा वर-खाली करायचे, काही काम नसताना.

आणि आता काल काय झालं ते ऐक.

मी ब्रेड आणायला निघाले होते. (परसदाराचा दरवाजा ऑगस्टमध्येच रुंद झाला. पहिल्या पत्रातलं मांजर मी जरा वाढवून लिहिलं होतं, तुला हसवायला.) मिस्टर बेडोंच्या गल्लीत वळले, तर त्यांच्या दाराशी संस्थेची व्हॅन, मलबा टाकायचा मोठा लोखंडी डबा, आणि दार सताड उघडं. आत दोन माणसं लिफ्टभोवती. एकाच्या हातात लोखंड कापायचं यंत्र.

'काय चाललंय?' मी फाटकातूनच ओरडले.

यंत्रवाला बाहेर आला. तिशी ओलांडलेला, लाल दाढी. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला. 'मिसेस प्रोबर्ट!'

'हॉवेल? मागच्या सीटवर उभा राहणारा हॉवेल?'

'तो आमचा भाऊ. मी खाली बसणारा.'

'दोघंही उभे राहायचात. ही लिफ्ट कुठे चालली?'

'भंगारात. नवीन भाडेकरूंना जुळी पोरं आहेत, खोलीत जागा हवी. काढून टाका असा हुकूम आहे.'

'उन्हाळ्यात तर बसवली!'

'मीच बसवली,' हॉवेल म्हणाला आणि यंत्राकडे बघू लागला.

'मग सोडवून काढ ना. कापतोस कशाला?'

'सोडवायला दोन दिवस लागतात. कापायला सकाळ पुरते. आम्हाला सकाळच दिली आहे.'

मेरेरिड, मला राग आला असं म्हणणार नाही. राग आला असता तर मी ओरडले असते. मी फक्त खुर्ची फाटकातून आत घेतली, दारासमोरच्या फरसबंदीवर आडवी लावली, चाकं बरोबर दोन कुंड्यांच्या मध्ये. बाजूने मांजरही जाणार नाही, अशी. आणि खुर्चीचं बटण बंद करून ब्रेक लावला.

'मिसेस प्रोबर्ट,' हॉवेल म्हणाला, 'जरा बाजूला होता का?'

'ब्रेक लागलाय.'

'मग सोडा ना.'

'सुटत नाहीये.'

'मी बघू?'

'हात तर लावून बघ.'

त्याने हात लावला नाही. आत जाऊन दुसऱ्याला म्हणाला, 'चहाची वेळ झाली.' तो म्हणाला, 'आत्ता तर घेतला.' हॉवेल म्हणाला, 'परत झाली.'

जुळ्यांची आई तेवढ्यात आली, एक पोर कडेवर, एक गाडीत. लहानशी बाई, घर अजून ताब्यातही आलेलं नाही. मला वाटलं, आता ही भांडणार. मी तिला सांगितलं, तुझ्याविरुद्ध काही नाही गं, मला फक्त ही कापू द्यायची नाही. ती रडकुंडीला आली. म्हणाली, 'आम्ही एवढंच विचारलं होतं, की ही हलवता येईल का. टाकून द्या असं कोण म्हणालं?' मग तिने कडेवरचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि पलीकडच्या घरातून सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. त्या पोराने माझ्या खुर्चीचं बटण चोखून ओलं केलं.

दुपारपर्यंत गल्ली भरली. ग्लेनिस खुर्ची घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली, कारण काय ते न विचारता. इद्वाल मैदानावरून आला, फाटकाशी थांबला. मला वाटलं, आता हा म्हणणार, घरी चल.

'जेवलीस का?' त्याने विचारलं.

'नाही.'

तो गेला आणि मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन आला. मग फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

शेवटी मिस्टर प्रॉसर आले. आधी नियमांचं बोलले. लिफ्ट एका कंपनीच्या कराराखाली, तिची हमी त्या घरापुरती, दुसरीकडे बसवायची तर तपासणी, जबाबदारी. सगळं खरंच असेल. मी म्हटलं, 'मला द्या असं मी म्हणत नाहीये. कापू नका, एवढंच. कापली की मग ती कुणालाच नाही.'

त्यांनी फोन लावला. मग दुसरा. मग तिसरा. बोलता बोलता ते फाटकाबाहेर गेले, परत आले, बेडोंच्या बुटक्या भिंतीवर बसले. फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'कापायला परवानगी कुणी दिली, असं मी विचारलं.'

'मग?'

'म्हणाले, तुम्हीच दिली. कागदावर सही माझी आहे. महिन्याला असे शंभर कागद येतात, मिसेस प्रोबर्ट. त्यावर फक्त घर क्रमांक आणि 'साहित्य काढणे' एवढंच असतं.'

कुणी हसलं नाही. त्या माणसाचे पडलेले खांदे बघून हसवेना. ग्लेनिसने त्याला चहा दिला.

मग ते उठले आणि हॉवेलला म्हणाले, 'दोन दिवस घे. सोडवून काढ. एक स्क्रूही हरवायचा नाही.'

'लिहून देता?' हॉवेलने विचारलं. लहानपणी इतका शहाणा नव्हता.

मी ब्रेक सोडला. लगेच सुटला.

तुझ्या पत्राचं उत्तर अजून राहिलंच. नंतर लिहीन.

तेग्वेन


१६ फेब्रुवारी

प्रिय मेरेरिड,

एवढे दिवस लिहिलं नाही. तुझं नाताळचं पार्सल पोचलं, आभार. मोजे छान आहेत. न चालणाऱ्या बाईला मोजे पाठवणारी बहीण मिळायला भाग्य लागतं. पाय मात्र खरंच गरम राहतात.

न लिहिण्याचं कारण म्हणजे मी रागावले होते. आता नाही. ते का, ते सांगते.

बेडोंच्या लिफ्टनंतर मिस्टर प्रॉसरनी भाडेकरूंची एक समिती बोलावली. ज्यांच्या घरात असे बदल झालेत, किंवा व्हायचे आहेत, किंवा होता होता राहिलेत, अशांची. आम्ही सहा जण, शोनेड, प्रॉसर आणि त्यांच्या वरच्या एक बाई. मी इद्वालला घेऊन गेले, मला गाडीतून काढायला. तो मागे भिंतीशी बसला.

सगळ्यांनी सांगितलं. एका अंध बाईच्या जिन्याच्या कठड्याला मध्येच खंड पडलाय, कारण अर्धा कठडा एकाने लावला आणि अर्धा दुसऱ्याने. खुर्चीवरच्या एका तरुण माणसाचा ओटा त्याला न विचारता इतका खाली केला की त्याचे गुडघेच त्याखाली मावत नाहीत. मी ते एका खोलीचं घर सांगितलं. वरच्या बाई सगळं ऐकत होत्या, टिपत होत्या. मग त्या म्हणाल्या, 'सगळ्यात मोठी अडचण एका शब्दात सांगायची तर?'

कुणी म्हणालं पैसा, कुणी म्हणालं उशीर. मागून आवाज आला.

'फोन.'

इद्वाल. खुर्चीतून उठलेला, टोपी हातात.

'मला माझ्या बायकोला उचलायला काही वाटत नाही,' तो म्हणाला. 'पण उद्या माणूस येतो म्हणून सांगतात, मी मैदान सोडून घरी बसतो, आणि कुणी येत नाही. का आलं नाही ते सांगायलाही कुणी नाही. वर्षभर आम्ही येणाऱ्याची वाट बघत जगलोय. येणार नसाल तर फोन करा. आणि तो एकाच माणसाने करावा, ज्याला आमचं नाव ठाऊक आहे.' मग बसला. कान लाल.

त्याला इतकं सलग बोलताना मी आमच्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

घरी येताना मी त्याला म्हटलं, 'तू इतका दमलायस हे मला का नाही सांगितलंस कधी?'

तो म्हणाला, 'तुला नाही. मेरेरिडला सांगितलं होतं.'

मेरेरिड, मग त्याने मला सगळं सांगितलं. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी, स्वयंपाकघरात, तोच तुझ्यापाशी रडला होता. मला जमत नाही, मी काय करू, असं त्यानेच विचारलं होतं. तू जे म्हणालीस ते त्याचं उत्तर होतं. मला फक्त उत्तर ऐकू आलं, कारण तो हळू बोलतो आणि तुझा आवाज आईसारखा भिंतीपार जातो. आणि तू तीन वर्षं त्याचं नाव पुढे केलं नाहीस. माझे टोमणे खाल्लेस, पण तो रडला हे सांगितलं नाहीस.

उत्तर मला अजूनही पसंत नाही. कुठेतरी ठेवायला मी काय छत्री आहे? पण प्रश्न खरा होता. तुला तो ऐकू आला, मला नाही.

समितीचं म्हणशील तर लगेच काही सोनं झालेलं नाही. सहा महिने करून बघू, म्हणाले. प्रत्येक घरामागे एक माणूस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आमचा माणूस म्हणजे शोनेडच्या शेजारी बसणारा गॅरेथ, आणि तो न येण्याआधी फोन करतो! चालू लिफ्ट वा शॉवर कापायच्या आधी वाट बघणाऱ्यांना विचारायचं. बदल केलेली घरं वेगळी नोंदवायची, म्हणजे नळ ज्याच्या हाताला लागायला हवा त्यालाच मिळेल. आणि काम सुरू करण्याआधी चित्र काढून घरच्या माणसाला दाखवायचं, आणि त्याने 'नाही' म्हटलं तर परत काढायचं. हे शेवटचं त्या ओटेवाल्या तरुणाने आग्रहाने घालायला लावलं. त्याचा ओटा मात्र अजून तसाच आहे. मी दर बैठकीत विचारते. प्रॉसर आता मला बघूनच म्हणतात, 'ओटा, हो, ओटा.'

बेडोंची लिफ्ट गोदामात आहे. तपासणी झाली, पास झाली. त्यांच्या मुलीला विचारलं, तिला चालेल का. ती म्हणाली, 'बाबा खूश होतील. फक्त टोपी काढायला विसरू नका.'

आमच्या तुळयांचं काम पुढच्या महिन्यात. हॉवेल येणार आहे.

तुझी
तेग्वेन


५ मे

प्रिय मेरेरिड,

काल मी वर गेले.

सगळ्यांना बघायचं होतं. शोनेड आली, गॅरेथ आला, ग्लेनिस अर्थातच. हॉवेलने लिफ्ट शेवटचं एकदा वर-खाली करून पाहिली आणि म्हणाला, 'चला, मिसेस प्रोबर्ट, मागच्या सीटवर उभं राहायचं नाही.' मी खुर्चीसकट आत गेले. दार लागलं. मी टोपी घातली नव्हती, म्हणून नुसता हात हलवला. आणि पुढची खोली, पडदा, परात ठेवायची जागा, सगळ्यांची वर केलेली तोंडं हळूहळू खाली गेली. मी घाबरले होते. छतातल्या भोकातून डोकं आधी वर येतं, तेव्हा आपण जमिनीतून उगवतोय असं वाटतं.

इद्वाल जिन्याने धावत वर गेला होता, माझ्याआधी. का, ते मला दार उघडल्यावर कळलं. तो पलंगासमोर उभा होता, काहीतरी लपवल्यासारखा.

'बाजूला हो,' मी म्हटलं.

'जरा पसारा आहे.'

'इद्वाल.'

तो बाजूला झाला.

पलंगावर माझ्या बाजूला, उशीपासून पायापर्यंत, वर्तमानपत्रं अंथरलेली होती आणि त्यावर टोमॅटोची रोपं. वीतभर वाढलेली, दह्याच्या डब्यांतून, ओळीने, खिडकीकडे माना करून. माझ्या उशीवर तीन भोपळ्याची.

तो घाईघाईने बोलू लागला. 'इथेच ऊन चांगलं येतं. दुसरीकडे जागा नव्हती. आणि...' मग त्याने एका डब्याला हात लावला. 'रिकामी बाजू बघवत नव्हती गं.'

खालून ग्लेनिस ओरडली, 'काय झालं? बिघडली का?'

'नाही!' मी ओरडले. 'सगळे घरी जा!'

गेले बिचारे. मग मी आधी न्हाणीघर बघितलं. पांढरं, सपाट, माझ्या हाताच्या उंचीवर नळ. दार लावून घेतलं, भिंतीला लावलेल्या आसनावर सरकले आणि एकटीने अंघोळ केली. कुणी 'तयार?' विचारलं नाही. किती वेळ लागला माहीत नाही. पाणी गार पडेपर्यंत. इद्वालला काय करावं सुचेना, तो दाराबाहेर येरझारा घालत होता. शेवटी म्हणाला, 'मी खाली जाऊ का?' मी म्हटलं, 'जा, मैदानाला पाणी दे, काहीही कर.' तर गेला नाही. जिन्यात बसून राहिला. त्यालाही मोकळा वेळ वापरायला शिकावं लागणार आहे.

बाहेर आले तर तो रोपांकडे बघत उभा.

'ही काढ आता,' मी म्हटलं.

'कुठे ठेवू?'

'खाली माझ्या पलंगावर ठेव. खिडकी मोठी आहे. गल्ली बघतील.'

त्याने एकेक डबा लिफ्टमध्ये ठेवला, बटण दाबलं आणि स्वतः जिन्याने खाली धावला, त्यांना उतरवून घ्यायला. मला वरून ऐकू येत होतं, तो त्यांच्याशी बोलत होता.

रात्री आम्ही एकाच पलंगावर झोपलो. चादरीत थोडी माती राहिली होती. आणि तो घोरतो, मेरेरिड. ते मी तुला खोटं सांगितलं नव्हतं.

तू ऑगस्टमध्ये यायचं म्हणतेस. विचारतेस काय? ये. खालची खोली तुझी. तोवर टोमॅटो परसात गेलेले असतील.

तुझी
तेग्वेन